30 तासांचा हिशेब

प्रिय,

तुझ्या लैंगिकतेवरच्या कोर्सचा मसुदा वाचला आणि सोबत पाठवलेला पालकाच्या अर्जाचा फोटोही पाहिला. लैंगिकतेसारख्या विषयावर आमच्या कराचा पैसा का उधळता, असं एका पालकाने प्राचार्यांना विचारलंय. प्राचार्यांनी 'बघा काय ते' म्हणून कागद तुझ्या हातात ठेवला. त्यावर तू शोधलेली वाट अशी: अनुदानित वर्गांतून हा कोर्स काढायचा, स्वयंअर्थसहाय्यित सर्टिफिकेट म्हणून शनिवारी दुपारी चालवायचा आणि मुलांकडून फी घ्यायची. सरकारचा छदाम लागणार नाही, म्हणजे कोणाला ओरडायला जागाच उरणार नाही.

असं करू नकोस. का ते सांगते, जरा लांबेल.

त्या पालकाचा प्रश्न रास्त आहे, हे आधी मान्य कर. आपल्या मास्तर जमातीची एक खोड आहे. कोणी पैशाचं विचारलं की आपण विचारस्वातंत्र्यावर बोलायला लागतो, आणि समोरच्याला वाटतं, ही बाई टाळतेय. त्याने खर्च विचारलाय ना, मग त्याला खर्च सांग. तुझा कोर्स 2 क्रेडिटचा, म्हणजे 30 तास. 15 आठवडे, आठवड्याला 2 तास. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास शिकवायचं असतं. म्हणजे एका सत्रातल्या तुझ्या कार्यभाराचा आठवा हिस्सा. तुझं पद मंजूर आहे, पगार उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून, म्हणजे सरकारकडून येतो. या 2 तासांत तू लैंगिकता शिकवलीस काय किंवा ग्रामीण समाजशास्त्र शिकवलंस काय, तो एका रुपयाने हलत नाही. वर्ग तोच, पंखे तेच. नवीन खर्च म्हणशील तर ग्रंथालयातली आठ-दहा पुस्तकं आणि झेरॉक्स. हे सगळं एका पानावर मांड, पुस्तकांच्या किमतींसकट. उत्तर मात्र प्राचार्यांच्या सहीने जाऊ दे, तुझ्या नाही. हा कोर्स कॉलेजचा आहे. तुझा खासगी हट्ट आहे असं कागदावर कुठेही दिसता कामा नये.

सरकारी पैसा या विषयावर आज पहिल्यांदा खर्च होतोय, असंही नाही. वडाळ्याची मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था कॉलेजांत एचआयव्हीबद्दल जागृती करणारे रेड रिबन क्लब चालवते, ते सरकारी पैशाने. लैंगिक छळाबाबतचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) 2015 चे नियम प्रत्येक संस्थेला समिती नेमायला लावतात, मुलांना त्याची माहितीही द्यायला लावतात. मेडिकलचं उदाहरण तर तोंडपाठ करून ठेव. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने एमबीबीएसच्या न्यायवैद्यक अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा 'अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां'च्या यादीत घातले. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हा सर्वोच्च न्यायालयाचा 377 कलमाचा निकाल 6 सप्टेंबर 2018 चा, म्हणजे त्याला सहा वर्षं होत आली होती. ओरड झाली आणि आठवड्याभरात आयोगाने ते मागे घेतलं. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या एकेका डॉक्टरमागे सरकार किती पैसा घालतं, हे तुला ठाऊक आहे. म्हणजे करदाता या शिक्षणाचे पैसे भरतोच आहे. धडा जुनाट असला तरी भरतो, बरा असला तरी भरतो. धडा बरा असावा एवढंच तू मागतेयस.

आता तुझ्या पळवाटेकडे येते. फी घेतली की वाद मिटेल, हे तुला कोणी सांगितलं? बाहेरची उदाहरणं बघ. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात 2003 मध्ये विद्यापीठातल्या मानवी लैंगिकतेच्या एका वर्गावरून गदारोळ झाला. एका सिनेटर बाईंनी अर्थसंकल्पातच कलम घातलं, आणि धोक्यात आले ते तो वर्ग चालवणाऱ्या समाजकार्य विभागाचे 30 लाखांहून जास्त डॉलर. वर्ग एक आणि टांगणीला अख्खा विभाग! गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला, विद्यापीठाच्या चौकशीतही प्राध्यापकांवर ठपका आला नाही. 2014 मध्ये साउथ कॅरोलिनात याच्या उलट झालं. नव्या मुलांना समलिंगी जीवनावरची पुस्तकं वाचायला दिली म्हणून तिथल्या प्रतिनिधिगृहाने दोन संस्थांच्या अनुदानातून एकीचे 52,000 आणि दुसरीचे 17,142 डॉलर कापायचं ठरवलं, म्हणजे त्या वाचनाला जेवढा खर्च आला होता तेवढेच. वरच्या 142 डॉलरचं मला फार कौतुक वाटतं. कोणीतरी बिलं समोर घेऊन बेरीज केली असणार. शेवटी रक्कम परत मिळाली, पण ती अमेरिकेची राज्यघटना वगैरे शिकवण्यावर खर्च करायची अशी अट घालून. हंगेरीने 2018 मध्ये जेंडर स्टडीजची पदव्युत्तर पदवी मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांच्या यादीतूनच काढून टाकली. कारण काय दिलं, तर या पदवीला बाजारात मागणी नाही. आणि ही पदवी देणाऱ्या तिथल्या दोन विद्यापीठांपैकी एक खासगी होतं, ते लक्षात घे.

या सगळ्या ठिकाणी पैसा हातात धरायला सोयीचा होता, राग विषयाचा होता. तुझ्याकडेही तेच होईल. खरोखर खर्च जाणून घ्यायचाय त्याचं एका पानात समाधान होईल. ज्याला विषयच नकोय, तो शनिवारच्या सर्टिफिकेटलाही अर्ज करील; फक्त वाक्य बदलेल, 'मुलांना बिघडवायचे वर पैसेही घेतात'.

खासगी पैसा जास्त सुरक्षित असतो, या समजुतीतही राहू नकोस. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचंच (टिस) घे. ज्यांचे पगार टाटा ट्रस्टच्या अनुदानावर होते अशा शंभरावर कंत्राटी प्राध्यापकांना आणि कर्मचाऱ्यांना जून 2024 मध्ये मुदत न वाढवल्याच्या नोटिसा गेल्या. ट्रस्टने पैसे द्यायचं कबूल केल्यावर त्या मागे घेतल्या. पैसे खासगी होते, म्हणून कोणाला शांत झोप लागली नाही.

आणि आपल्या गिरगावातल्या र. धों. कर्व्यांना तरी कुठे लागली होती? विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते, संततिनियमनाचा प्रचार करायला लागले आणि नोकरीवर पाणी सोडावं लागलं. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, 1927 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. सगळं पदरमोड करून. अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात वकील होते बाबासाहेब आंबेडकर, तरी दंड झालाच. लोक ही गोष्ट एकट्या माणसाच्या धैर्याची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. मला त्यात दुसरंही दिसतं. वडिलांनी, धोंडो केशवांनी, 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं. त्याला ठाकरसींची देणगी मिळाली, पुढे कायद्याने मान्यता मिळाली, आणि ते आजही चर्चगेटला उभं आहे. 1974 मध्ये त्याच विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू झालं, देशातलं पहिलं. मुलाचं काम मात्र त्याच्यासोबत थांबलं. जे संस्थेच्या कागदावर चढतं ते माणूस गेल्यावरही शिकवलं जातं. तू उद्या लग्न करून पुण्याला गेलीस (जाऊ नकोस, पण समज गेलीस), तर शनिवारचं सर्टिफिकेट तुझ्यामागे कोण चालवणार?

मुख्य अडचण तर मुलांची आहे. तुमच्या कॉलेजात विरार, टिटवाळा, मानखुर्दहून मुलं येतात. शनिवारी दुपारी त्यातली निम्मी कुठेतरी काउंटरवर उभी असतात. फी भरून, घरी विचारून, 'लैंगिकता' असं छापलेल्या सर्टिफिकेटला कोण येईल? ज्यांच्या घरी हे बोललं जातं, तेच. बाकीच्यांना हा विषय फक्त वेळापत्रकात, हजेरी लागते आणि क्रेडिट मिळतात म्हणूनच शिकता येतो. घरी सांगायला कारण लागतं गं. 'कंपल्सरी सारखंच आहे, आई' एवढं पुरतं. शाळेकडून काही मिळालं असेल अशीही आशा धरू नकोस. राज्याने शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम 2007 मध्ये बंद केला, तेव्हा तुझी मुलं पाळण्यात होती.

मी शिकवायचे तेव्हा टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवायचे, प्रश्नांच्या चिठ्ठ्यांसाठी. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, एवढा एकच नियम. पहिल्या आठवड्यात शाळकरी चावटपणा निघायचा, तो मी मोठ्याने वाचून दाखवायचे, म्हणजे त्यातली मजा जायची. तिसऱ्या आठवड्यापासून अक्षर बारीक व्हायचं. एका चिठ्ठीत होतं: 'ताईचं लग्न झालंय, तिला नको असतं, पोलीस घेतात का?' तिकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं, चार घड्या घातलेलं. पत्नी 18 वर्षांवरची असेल तर नवऱ्याच्या जबरदस्तीला आपला कायदा बलात्कार मानत नाही. जुन्या दंड संहितेत तसं होतं, भारतीय न्याय संहितेच्या 63 व्या कलमातही तो अपवाद राहिला. पण कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात लैंगिक छळ येतो, संरक्षण अधिकारी असतो, आदेश मिळू शकतो. त्या दिवशीचा ठरलेला धडा बाजूला ठेवून मी तासभर एवढंच फळ्यावर लिहीत होते. ताई कोणाची ते कधी कळलं नाही. त्या पालकाला खर्चाच्या कागदासोबत दुसरं काही सांगायची वेळ आली, तर अशी चिठ्ठी सांग, सिद्धांत सांगू नकोस.

आता मसुद्याबद्दल. चौथं युनिट मला कळलं नाही. दोनदा वाचलं, तरी नाही. परदेशी विद्वानांची नावं एकामागून एक आहेत आणि मुंबई कुठेच नाही. एखाद्या नगरसेवकाने ते युनिट सभेत वाचून दाखवलं तर लोक हसतील, आणि मीही त्यांच्यात असेन. तिथे 2014 चा तृतीयपंथीयांबद्दलचा नालसा निकाल घे, कर्वे घे, 1990 मध्ये याच शहरात निघालेलं समलिंगी लोकांचं नियतकालिक 'बॉम्बे दोस्त' घे, कामाठीपुरा आणि एचआयव्हीची ती वर्षं घे.

कोर्स पहिल्या वर्षाला ठेवू नकोस. तिथे सतरा वर्षांची मुलं असतात आणि बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याला अठराच्या आतलं प्रत्येकजण बालक असतं. दुसऱ्या वर्षापासून, ऐच्छिक ठेव. क्लिप्स दाखवायच्या नाहीत, कितीही शैक्षणिक वाटल्या तरी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाचनसाहित्य टाकायचं नाही. फोनवरचा अर्धा परिच्छेद कुठे फिरेल याचा नेम नसतो. छापील वाचन मात्र बिनदिक्कत दे. अश्लीलतेच्या कायद्यात विज्ञान, साहित्य, कला आणि शिक्षणासाठी अपवाद आहे, आता तो न्याय संहितेच्या 294 व्या कलमात सापडेल. तो कायद्यात आला 1969 च्या दुरुस्तीने. कर्व्यांच्या नशिबी नव्हता.

तुमचं कॉलेज स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणारं अभ्यास मंडळ तुमचंच, पण त्यावर कुलगुरूंनी नेमलेले तज्ज्ञ असतात. त्यांना बैठकीच्या आधी भेट, मसुदा आधी दे, ते सुचवतील त्यातले दोन बदल खरोखर कर. मग मंडळाचा ठराव, मग विद्या परिषदेचा. इतिवृत्तात चर्चा नोंदवली गेली का ते स्वतः बघ. 'सर्वानुमते मंजूर' एवढंच लिहून मोकळे होतात. 2010 मध्ये मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्रींची कादंबरी बी. ए. च्या अभ्यासक्रमातून सत्र चालू असताना तडकाफडकी काढली, ते तुला आठवत नसेल, लहान होतीस. तेव्हाही ओरड रस्त्यावरून आली आणि निर्णय वरून. असं झालंच तर ज्या दारांनी कोर्स आत आला त्याच दारांनी बाहेर न्या, असं तुला म्हणता आलं पाहिजे, आणि ते म्हणायला हातात ठराव लागतात.

लोकांनी काय विचारावं यालाही हद्द आहे, तीही सांगते. किती खर्च, कोण शिकवतं, मुलांचं वय काय, सक्ती आहे का, परीक्षा कशी: हे सगळं विचारायचा त्या पालकाला हक्क आहे आणि उत्तर द्यायला तू बांधील आहेस. वर्गात बसू द्या म्हणाला, तर प्राचार्यांनी नम्रपणे नाही म्हणावं, कारण मग चिठ्ठ्या येणार नाहीत. अमुक वाक्य काढा म्हणाला, तर अभ्यास मंडळाला लिहा म्हणावं.

चौथं युनिट बदललंस की पाठव. या वेळी वर्डची फाइल पाठव, पीडीएफवर मला खुणा करता येत नाहीत. आणि खर्चाचं पान पाठवताना पुस्तकांच्या किमती सवलत धरून लिही, ऑडिटवाले आधी तेच विचारतात.

तुझी,
मॅडम