कंपनीच्या साहेबाला कामगाराच्या शेकडो पट पगार मिळतो, हे योग्य आहे का? कायदा काही म्हणतो का?

साहेबाची जोखीम मोठी म्हणून पगार मोठा, असं म्हटलं जातं. मला या जोखमीबद्दलच बोलायचंय.

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर होते, आई घरी बिड्या वळायची. वडिलांची मजुरी विणलेल्या मालावर. लाईट गेली की माग बंद, माग बंद की मजुरी बंद. आई पानं भिजवून, कात्रीनं कापून, मांडीवर सूप घेऊन बसायची ती हजार पुरे होईपर्यंत उठायची नाही. कारखान्याकडून मिळालेल्या पानांत हजार बिड्या कधीच बसायच्या नाहीत. कमी पडलेली पानं ती पदरच्या पैशानं आणायची. माल द्यायला गेलं की तपासणारा मूठभर बिड्या 'छाट' म्हणून बाजूला काढायचा. पान मुळातच खराब आलेलं असलं, तरी छाट आईच्याच हिशेबात. मी तिच्यासोबत रांगेत उभा असायचो. ती काही बोलायची नाही, घरी आल्यावर पुन्हा बोटांनी मोजायची.

आता कायद्याचं. कंपनी कायदा 2013 च्या कलम 197 प्रमाणे पब्लिक कंपनीत संचालक आणि व्यवस्थापक यांचा एकूण मोबदला निव्वळ नफ्याच्या 11 टक्क्यांपर्यंत, एकाच व्यवस्थापकीय संचालकाचा 5 टक्क्यांपर्यंत. भागधारकांनी सभेत मंजुरी दिली तर त्याहून जास्तही देता येतो. आणि ज्या वर्षी नफाच झाला नाही? त्याचीही सोय कायद्याला जोडलेल्या पाचव्या अनुसूचीत आहे, पगार देता येतो. लाईट गेल्यावर वडिलांना अशी कुठली अनुसूची नव्हती.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला आणखी एक गोष्ट दरवर्षी छापावी लागते: प्रत्येक संचालकाचा मोबदला मध्यक कर्मचाऱ्याच्या किती पट आहे. सगळ्या कर्मचाऱ्यांना पगाराच्या क्रमानं उभं केलं की बरोबर मधे येतो तो मध्यक. म्हणजे निम्मी रांग त्याच्याही खाली. कंत्राटदाराचा माणूस तर त्या रांगेतच नसतो, कारण कागदावर तो कंपनीचा नाही. त्यामुळे छापलेली दरी खऱ्यापेक्षा लहान दिसते. त्यामुळे छापलेली दरी खऱ्यापेक्षा लहान दिसते.

योग्य आहे का? फरक असावा, माझ्या वडिलांनाही मॅनेजरच्या पगाराचं कधी वाईट वाटलं नाही. पण इतका नाही. स्वित्झर्लंडमध्ये 2013 साली यावर सार्वमत झालं. कंपनीतल्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला वर्षभरात जेवढं मिळतं, त्याहून जास्त कुणी एका महिन्यात घेऊ नये, असा प्रस्ताव होता. सुमारे 65 टक्के लोकांनी तो नाकारला. मी तिथं असतो तर हो म्हणून मत दिलं असतं.

तुम्ही शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत असाल तर वार्षिक अहवालात संचालकांच्या अहवालाची जोडपत्रं उघडा, मध्यकाच्या किती पट हा आकडा तिथं सापडेल. मग गेटवरच्या वॉचमनला विचारा, त्याचा पगार कुणाच्या नावानं येतो.