संगणक-शंका : दसऱ्यानंतरचा हिशेब बॅकअपमध्ये का नाही?

प्रश्न : चोपडा तालुक्यात आमचे कापसाचे जिनिंग आहे. हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून १६ जीबी रॅमच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅममध्ये विंडोज ७ ची व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) उभी केली आहे. दसऱ्याला खरेदी सुरू होण्यापूर्वी एक स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घेतला आणि तेव्हापासून दर शनिवारी मशीन बंद करून तिची व्हीडीआय फाइल (आभासी डिस्कची फाइल) बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करतो. परवा ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, तर दसऱ्यानंतरची एकही पावती तिच्यात नव्हती. मूळ मशीनमध्ये मात्र सर्व हिशेब दिसतो. असे का झाले?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : आपला हिशेब सुरक्षित आहे, फक्त आपण कॉपी करत असलेल्या फाइलमध्ये तो नाही. स्नॅपशॉट घेतला त्या क्षणापासून व्हर्च्युअलबॉक्सने मूळ व्हीडीआय फाइलमध्ये लिहिणे थांबवले आणि पुढचा प्रत्येक बदल मशीनच्या फोल्डरमधील ‘स्नॅपशॉट्स’ या उपफोल्डरात वेगळ्या फाइलमध्ये नोंदवायला सुरुवात केली. जुनी खातेवही बंद करून पुढच्या नोंदी पुरवणी वहीत कराव्यात, तसा हा प्रकार आहे. मशीन चालते तेव्हा दोन्ही फाइली एकत्र वाचल्या जातात, म्हणून आपल्याला सर्व हिशेब सलग दिसतो. मूळ फाइल एकटी नेली तर स्नॅपशॉट घेतला त्या क्षणाची स्थिती हाती येते आणि पुरवणी फाइल एकटी नेली तर ती उघडतही नाही.

नवे सॉफ्टवेअर घालून पाहावे, बिघडले तर मागे यावे, यासाठी स्नॅपशॉट उत्तम आहे, पण तो मूळ मशीनच्याच डिस्कवर राहतो आणि ती डिस्क गेली की तोही जातो. घाबरून जुना स्नॅपशॉट ‘रिस्टोअर’ मात्र करू नका. त्या वेळी चालू स्थिती जपून ठेवण्याचा पर्याय समोर येतो. त्याची खूण घाईत काढली गेली, तर हंगामाचा हिशेब खरोखरच पुसला जाईल.

आज करायचे काम असे. आतील विंडोज नेहमीच्या पद्धतीने पूर्ण बंद करावे आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या फाइल मेनूतून मशीन ‘ओव्हीए’ (संपूर्ण मशीन एकाच फाइलमध्ये बांधणारे स्वरूप) स्वरूपात एक्स्पोर्ट करावी. या एका फाइलमध्ये मशीनची मांडणी आणि दोन्ही फाइली मिळून होणारी आजची स्थिती येते; जुने स्नॅपशॉट येत नाहीत, पण आपल्याला ते नकोच आहेत. बाहेरची डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असल्यास तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. अशा वेळी तिच्यावरील मजकूर हलवून ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावी.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. ती ओव्हीए दुसऱ्या संगणकावर इम्पोर्ट करावी, मशीन सुरू करण्यापूर्वी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये केबल जोडल्याची खूण काढावी, म्हणजे एकाच नावाच्या आणि पत्त्याच्या दोन मशीन कार्यालयाच्या नेटवर्कवर भांडणार नाहीत. मग शेवटचा पावती क्रमांक, गाठींची संख्या आणि रोकड शिल्लक मूळ मशीनशी ताडून पाहावी. परवान्यासाठी यूएसबी डोंगल (संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली) लागत असेल किंवा विंडोज नव्या यंत्रावर पुन्हा सक्रिय करून मागत असेल, तर ते याच वेळी उघडकीस येईल. ही तपासणी महिन्यातून एकदा तरी व्हावी.

सर्व जुळल्यावरच दसऱ्याचा स्नॅपशॉट काढून टाकावा. त्याने हिशेब जात नाही. पुरवणी फाइलमधील नोंदी मूळ फाइलमध्ये मिसळल्या जातात. या कामाला वेळ आणि डिस्कवर मोकळी जागा लागते व मध्येच वीज गेली तर दोन्ही फाइली धोक्यात येतात, त्यामुळे आपल्या भागातील भारनियमनाची वेळ पाहून आणि यूपीएसवर संगणक ठेवूनच ते हाती घ्यावे.

संपूर्ण मशीन रोज एक्स्पोर्ट करण्याची गरज नाही. आठवड्याला एक ओव्हीए आणि रोज संध्याकाळी हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे स्वतःचे बॅकअप पुरेसे आहे. डिस्क दोन ठेवाव्यात, आलटून पालटून वापराव्यात आणि एक घरी न्यावी. सतत जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरच्या (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) तावडीतून सुटत नाही, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधले कार्यालय डिस्कसाठी बरे ठिकाण नव्हे. विंडोज ७ साठी मायक्रोसॉफ्टची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली आहे, म्हणून या मशीनला इंटरनेट देऊच नये. तिला ४ जीबी रॅम आणि दोन प्रोसेसर भरपूर झाले.

प्रश्न : मी धुळ्यात पॉलिटेक्निकला आहे. सर्व्हरवरील व्हर्च्युअल मशीनचे काम शिकण्यासाठी घरच्या जुन्या संगणकावर काय घालावे?
— एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : प्रॉक्समॉक्स व्हीई ही व्हर्च्युअल मशीन चालवण्यासाठीची प्रणाली घालून पाहा. ते डेबियन लिनक्सवर उभे असून २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यात असलेले केव्हीएम हे व्हर्च्युअल मशीन चालवणारे तंत्र वापरते. आधी बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन सुरू करा. बॅकअप घेताना ‘स्टॉप’ आणि (मशीन चालू असतानाच बॅकअप घेणारी) ‘स्नॅपशॉट’ या दोन्ही पद्धती करून फरक पाहा: पहिलीत मशीन थोडा वेळ बंद होते, पण आतील डेटा सुसंगत राहण्याची खात्री अधिक असते. परत आणताना मशीनच्याच पानावरून रिस्टोअर केले तर मूळ मशीनवर लिहिले जाते, म्हणून स्टोरेजच्या पानावरून नवा क्रमांक देऊन ती उभी करावी. आणि प्रॉक्समॉक्स बसवताना निवडलेली संपूर्ण डिस्क पुसली जाते, त्यामुळे घरच्यांना विचारून, त्यांच्या फाइली हलवूनच सुरुवात करा.