म्युनिकला यायचे आहे, पण मुलगा तिसरीत जाणार आहे

सर, नागपुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयातली कायम नोकरी सोडून अंतराळ रोबोटिक्समधील पीएच.डी.साठी म्युनिकला यावे का, शाळांमध्ये घेत असलेल्या रोबोट-कार्यशाळा इकडे चालू ठेवता येतील का, आणि तिसरीत जाणाऱ्या मुलाचे कसे होईल, असे आपण विचारले आहे. व्हिसा, विमा आणि वेतनश्रेणी यांची माहिती संकेतस्थळांवर नीट दिलेली आहे, म्हणून त्यात मी शिरत नाही. मीही नागपूरचीच, आणि आपल्यासारखीच शिकवण्याचे काम सोडून आले.

संशोधनाबद्दल शंका बाळगू नका. जवळच ओबरफाफनहोफनला जर्मन अंतराळ संस्थेचे रोबोटिक्सचे काम चालते. तिथल्या रोटेक्स या यांत्रिक हाताने १९९३ मध्ये कोलंबिया यानात तरंगणारी वस्तू पकडली होती, आणि जमिनीवरून दिलेली आज्ञा व तिचा परिणाम यांत पाच ते सात सेकंदांचे अंतर असतानाही ते साधले होते. जाहिरातीत मात्र एक गोष्ट नसते. उपग्रहाशी संबंधित बरेच तंत्रज्ञान दुहेरी वापराच्या, म्हणजे नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामांना चालणाऱ्या वस्तूंच्या, नियमांत मोडते, त्यामुळे युरोपबाहेरच्या संशोधकाला काही प्रकल्पांची कागदपत्रे पाहण्याआधी परवानगीची वाट पाहावी लागू शकते. आपला विषय त्यात येतो का, हे करारावर सही करण्याआधी प्राध्यापकांना विचारा.

कार्यशाळांचे म्हणाल, तर इकडे त्या कामाला मान आहे, पण त्यांचे तास सहसा कामाच्या वेळेत मोजले जात नाहीत. मी मुलांना फिरत्या खुर्चीवर बसवून हात एका बाजूला झटकायला सांगते. खुर्ची उलट दिशेला वळते आणि अंतराळात तरंगणारा उपग्रह आपला हात हलवताच स्वतः का फिरतो, हे सूत्राशिवाय कळते. मग एक छोटा यांत्रिक हात जॉयस्टिकने चालवायला देते, ज्याचे चित्र पडद्यावर मुद्दाम सहा सेकंद उशिरा दिसते. सगळी मुले आधी घाई करतात, हात ठोकळ्याच्या पुढे निघून जातो, आणि नंतर कोणीतरी थांबून मोजायला लागते. बर्डीच्या बाजारातून आणलेल्या सर्व्हो मोटर आणि पुठ्ठा यांवर आपण जे करता, त्यात आणि यात फारसा फरक नाही.

कागदपत्रांत नावांचा घोळ होतो. आपल्याकडे पासपोर्टवर मुलाच्या नावामागे वडिलांचे नाव जोडलेले असते, आणि इकडे ती दोन्ही मुलाचीच नावे धरली जातात. माझ्या मुलीला शाळेत बराच काळ तिच्या बाबांच्या नावाने हाक मारत. जन्मदाखल्यावरील आईचे नाव लग्नाआधीचे की नंतरचे, हे निघण्यापूर्वीच तपासा, कारण शपथबद्ध भाषांतरकार जे छापलेले आहे तेच उतरवतो.

आता खरा मुद्दा. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात चौथीच्या अखेरीस, मे महिन्यात, मुलाला पुढच्या शाळेसाठीचे प्रमाणपत्र मिळते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रिआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची शाळा. इकडे १ हा सर्वोत्तम गुण आहे. नागपुरात आमच्या कार्यशाळेत स्वतः मोटरी जोडणाऱ्या माझ्या मुलीचे गुण सायकलच्या भागांची जर्मन नावे चुकीची लिहिल्यामुळे गेले, आणि गणितात उदाहरण सोडवता येत असूनही वाक्य न कळल्यामुळे गेले. त्याच दिवसांत मी संस्थेत तिच्याच वयाच्या जर्मन मुलांना रोबोट दाखवत होते, आणि त्यांच्या शिक्षिका माझे कौतुक करत होत्या. पहिलीपासून जर्मन शाळेत नसलेल्या परभाषी मुलांसाठी या सरासरीत सवलत आहे, हे आम्हाला शाळेतील कोणीही सांगितले नाही. आम्हाला ते प्रवेश होऊन गेल्यावर कळले. मुलगी आता रिआलशूलमध्ये आहे, दहावीनंतरही विद्यापीठाकडे जाणारे मार्ग आहेत, आणि ती आनंदात आहे. माझा राग मात्र अजून शमलेला नाही, आणि कदाचित म्हणूनच मी हे एवढे सविस्तर लिहिते आहे.

एकटेपणाचे विचारले आहे. तो असतो, नोव्हेंबरात वाढतो. तान्ह्या पोळ्याला मुलीचा लाकडी बैल कपाटातच राहतो. आणखी काही सांगण्यासारखे नाही.

पर्याय असेल तर ब्रेमेनचाही विचार करा. तिथल्या डीएफकेआय या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जर्मन संशोधन केंद्रामध्ये अंतराळ रोबोटिक्सचे चांगले काम आहे, आणि शाळांचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये तर प्राथमिक शाळाच सहावीपर्यंत असते. म्युनिकच ठरले, तर प्रवेशाच्या पहिल्याच भेटीत सवलतीबद्दल लेखी विचारा. तशा पत्राचा जर्मन मसुदा माझ्याकडे तयार आहे. आमच्या वेळी तो उपयोगी पडला नाही, आपण मागाल तर पाठवते.