‘काटकसर’, ‘हयगय’ की ‘बेदरकारपणा’?

प्रश्न असा आला आहे: मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरीच्या स्फोटाबद्दल लिहिताना ‘कंपनीच्या काटकसरीमुळे दुर्घटना झाली’ हे वाक्य चालेल का?

व्याकरणाला काही अडचण नाही, पण कानाला खटकतं. काटकसर हा कौतुकाचा शब्द आहे. काटकसरी माणूस पोटाला चिमटा घेतो, पण तो स्वतःच्या. दुसऱ्याच्या जिवावर पैसे वाचवणाऱ्याला आपण काटकसरी म्हणत नाही. ‘खर्चकपात’ हा हिशेबनिसाचा शब्द. ना शाबासकी, ना ठपका. बातमीत तो चालून जाईल.

पण तिथे नेमकं काय घडलं ते पाहिलं, की तोही तोकडा पडतो. बीपी या तेलकंपनीच्या मकॉन्डो विहिरीवर ‘डीपवॉटर होरायझन’ हा समुद्रात तरंगत विहीर खणणारा तराफा काम करत होता. काम कित्येक आठवडे रखडलेलं, आणि सगळा खर्च धरून रोजचे सुमारे १० लाख डॉलर जात होते. विहिरीत उतरवलेली पोलादी नळी मधोमध राहावी, म्हणजे तिच्याभोवती सिमेंट सारखं बसतं, यासाठी नळीवर ‘सेंट्रलायझर’ बसवतात. सिमेंटचं काम घेतलेल्या हॅलिबर्टन कंपनीच्या हिशेबाने २१ हवे होते, बसवले ६. सिमेंट तपासायला आलेलं पथक २० एप्रिल २०१० च्या सकाळी तपासणी न करताच हेलिकॉप्टरने परत धाडलं. इथवर खर्चकपात म्हणा हवं तर.

त्याच दिवशी दाबाची चाचणी झाली. विहीर नीट बंद असेल तर दाब शून्यावर टिकायला हवा. ड्रिलच्या नळीत तो १४०० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचं एकक) चढला. दुसऱ्या वाहिनीत शून्य दिसतंय, या आधारावर चाचणी उत्तीर्ण ठरवली गेली. रात्री स्फोट झाला, ११ कामगार गेले. या चुकीच्या वाचनात एक डॉलरही वाचला नव्हता. काटा समोर दिसत असताना सोयीचा अर्थ लावणं, याला मराठीत ‘हयगय’ म्हणतात.

हयगयीच्या वरची पायरी ‘बेदरकारपणा’: धोका दिसतोय, तरी फिकीर नाही. हा फरक शब्दच्छल वाटेल, पण या खटल्याचे अमेरिकी न्यायाधीश कार्ल बार्बियर यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये नेमका तोच केला. बीपीचं वागणं बेदरकार. तराफ्याची मालक ट्रान्सओशन आणि सिमेंटवाली हॅलिबर्टन यांची हयगय. दोषाची वाटणी ६७, ३० आणि ३ टक्के. तिथल्या तेव्हाच्या कायद्यात सांडलेल्या तेलावर पिंपामागे कमाल दंड होता ११०० डॉलर. हयगय ‘घोर’ ठरली तर ४३००, आणि बीपीचं बेदरकार वागणं ‘घोर’मध्येच मोडलं. न्यायालयाने तेल धरलं ३१ लाख ९० हजार पिंपं. एका विशेषणापायी दंडाची मर्यादा सुमारे ३५० कोटी डॉलरवरून १३७० कोटींच्या पुढे गेली! (प्रत्यक्षात पुढे तडजोड झाली, ती गोष्ट निराळी.)

आता क्रियापद. ‘हयगय झाली’ आणि ‘हयगय केली’ यांत मराठी माणूस सर्रास पहिलं निवडतो. पाऊस झाला, उशीर झाला, तशी हयगयही आपोआप झाली. टक्केवारीसकट दोष वाटून दिलेला असताना ‘झाली’ लिहिणं म्हणजे कर्त्याला मागच्या दाराने सोडून देणं.

जाता जाता: काटकसरीतली ‘कसर’ आणि ‘कामात कसूर’मधला ‘कसूर’ भावंडं वाटतात, पण नाहीत. दोन्ही अरबीतूनच आले, मात्र पहिल्याच्या मुळाशी ‘मोडणं’ आहे, दुसऱ्याच्या ‘कमी पडणं’.

माझं वाक्य असं होईल: ‘बीपीने खर्च आणि वेळ वाचवताना बेदरकारपणा केला, ट्रान्सओशन व हॅलिबर्टनने हयगय केली, आणि ११ जणांचा जीव गेला.’ लांब झालं खरं, पण कर्ते तीन आहेत, त्याला माझा इलाज नाही.