एचटीटीपीएस ब्राउझरमध्ये चालतं, पण मोबाइल ॲप सर्टिफिकेट नाकारतं. सर्व्हरवर काय राहिलं असेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट बसवलंय, लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये साइट नीट उघडते, पण तुमचंच ॲप आणि कर्ल (कमांड देऊन वेब पत्ते उघडणारं साधन) दोघंही सर्टिफिकेट नाकारतात. बाकीची सेटिंग बरोबर आहेत का, हेही तुम्ही विचारलंय.

तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून एकच संशय येतो: तुमचा सर्व्हर साखळीतलं मधलं सर्टिफिकेट, म्हणजे इंटरमीडिएट, पाठवत नाहीये.

फोनमध्ये किंवा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये विश्वासाची रूट सर्टिफिकेटं आधीपासून साठवलेली असतात. पण रूट तुमच्या डोमेनवर थेट सही करत नाही. रूटची की (सही करायची गुप्त किल्ली) ऑफलाइन, कडेकोट ठेवायची असते, म्हणून ती फक्त इंटरमीडिएटवर सही करते आणि इंटरमीडिएट तुमच्या सर्टिफिकेटवर. समोरच्याकडे रूट असतं, मधला दुवा असेलच असं नाही. तो देणं सर्व्हरचं काम आहे.

मग ब्राउझर का कुरकुरत नाही? कारण तो सांभाळून घेतो. क्रोम सर्टिफिकेटातच लिहिलेल्या पत्त्यावरून मधला दुवा स्वतः उतरवून घेतो, आणि फायरफॉक्स माहीत असलेली इंटरमीडिएट सर्टिफिकेटं आधीच आणून ठेवतो. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीवर चालणारं कर्ल, पायथनच्या लायब्ररी आणि बरीचशी ॲप्स यातलं काहीच करत नाहीत. म्हणून ‘ब्राउझरमध्ये उघडतंय’ ही मी सर्टिफिकेटची चाचणी मानतच नाही.

खात्री करायला ओपनएसएसएलची एस-क्लायंट कमांड चालवा. कनेक्ट पर्यायात डोमेन आणि पोर्ट ४४३ द्या, आणि सर्व्हरनेम पर्यायातही तेच डोमेन द्या. एका आयपीवर अनेक साइट असतील आणि हे नाव गेलं नाही, तर भलत्याच साइटचं सर्टिफिकेट समोर येतं. आउटपुटमध्ये वरच साखळीचा भाग दिसेल: ० क्रमांकाला तुमचं सर्टिफिकेट, १ क्रमांकाला इंटरमीडिएट. फक्त ० दिसला आणि खाली व्हेरिफाय रिटर्न कोड २१ आला, तर दुखणं हेच. सगळं ठीक असेल तर कोड ० येतो.

उपाय एका ओळीचा आहे. सर्टबॉट, म्हणजे लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट आणणारा प्रोग्रॅम, तुमच्या डोमेनच्या फोल्डरमध्ये चार फायली ठेवतो: सर्ट, चेन, फुलचेन आणि प्रायव्हकी. एनजिनएक्सच्या सर्टिफिकेटच्या ओळीत बहुधा तुम्ही ‘सर्ट’ फाइल दिली आहे, तिथे ‘फुलचेन’ द्या. मग कॉन्फिग तपासून रीलोड करा. दोन फायली हाताने जोडत असाल तर आपलं सर्टिफिकेट आधी, इंटरमीडिएट नंतर. क्रम उलटा झाला तर की जुळत नाही म्हणून एनजिनएक्स सुरूच होणार नाही. आणि जुन्या लेखातून इंटरमीडिएट उचलून चिकटवू नका. लेट्स एन्क्रिप्ट ती वेळोवेळी बदलतं, त्यामुळे आज चाललेली साखळी पुढच्या रिन्यूअलला तुटू शकते.

आता बाकीची सेटिंग. प्रोटोकॉलमध्ये टीएलएस (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) १.२ आणि १.३ एवढेच ठेवा. १.० आणि १.१ हे २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाले. १.३ च्या सायफरमध्ये (एन्क्रिप्शनच्या पद्धतींमध्ये) हात घालायची गरज नाही, १.२ साठी मोझिलाचा कॉन्फिग जनरेटर जी यादी देतो ती जशीच्या तशी घ्या. सायफरची यादी स्वतः रचण्यात फायदा शून्य आणि धोका बराच. प्रायव्हेट की फक्त रूट युजरला वाचता यावी, आणि ती गिटमध्ये कधीही जाऊ नये.

पोर्ट ८० बंद करू नका. तिथून एचटीटीपीएसकडे ३०१ रीडायरेक्ट द्यायचा असतो, शिवाय एचटीटीपी पद्धतीची डोमेन-पडताळणी त्याच पोर्टवर होते. वाइल्डकार्ड (सगळ्या सबडोमेनना चालणारं) सर्टिफिकेट हवं असेल तर मात्र पडताळणी डीएनएसनेच करावी लागते.

एचएसटीएस, म्हणजे ब्राउझरला ‘या साइटवर फक्त एचटीटीपीएसनेच ये’ असं सांगणारं हेडर, जरूर लावा, पण घाई नको. एकदा ब्राउझरने ते लक्षात ठेवलं की सर्टिफिकेटात गडबड झाल्यावर वापरणाऱ्याला इशारा ओलांडून पुढे जाताच येत नाही. आधी त्याची मुदत ३०० सेकंद ठेवा, सगळं सुरळीत दिसलं की वाढवत एका वर्षावर न्या. सबडोमेनचा पर्याय लावण्याआधी प्रत्येक सबडोमेन खरोखर एचटीटीपीएसवर आहे का, ते पाहा.

रिन्यूअलकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या असं मी कळकळीने सांगेन. तुमचं सर्टिफिकेट साधारणपणे ९० दिवसांचं असेल. सर्टबॉटचा टायमर नवीन आणतो, पण एनजिनएक्स रीलोड होईपर्यंत मेमरीतलं जुनंच वापरत राहतो. डिस्कवर ताजं सर्टिफिकेट आणि बाहेर मुदत संपलेलं, अशी अवस्था होते. म्हणून डिप्लॉय हुकमध्ये (रिन्यू झाल्यावर आपोआप चालणाऱ्या भागात) रीलोडची कमांड टाका आणि रिन्यूअलची ड्राय-रन, म्हणजे रंगीत तालीम, आजच करून बघा. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने २०२५ मध्ये बंद केले, तेव्हा पोर्ट ४४३ वरून मुदतीची तारीख वाचून इशारा देणारी तपासणी दुसऱ्या मशीनवर लावा. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या यांच्या सीए/ब्राउझर फोरमच्या नियमानुसार १५ मार्च २०२९ पासून सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे. हाताने रिन्यू करत बसणं तेव्हा कुणालाच परवडणार नाही.

साखळी पूर्ण होऊनही फक्त जुन्या फोनवर अडत असेल तर अँड्रॉइडची आवृत्ती पाहा. ७.१.१ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये लेट्स एन्क्रिप्टचं आयएसआरजी रूट एक्स१ हे रूट सर्टिफिकेट नसतं. ते ॲपच्या विश्वासयादीत तुम्हालाच घालावं लागेल. नव्या फोनवरही तीच तक्रार राहिली, तर एस-क्लायंटच्या आउटपुटातला साखळीचा भाग आणि रिटर्न कोड इथे टाका, बघून सांगतो. प्रायव्हेट की मात्र कुठेही पेस्ट करू नका.