पापलेट की हलवा? मॉडेल आधी क्रेट ओळखायला शिकतं

तुम्ही विचारलंय की प्रोजेक्टसाठी फोटोवरून पाच प्रकारचे मासे ओळखायचेत, प्रत्येकी दीडेकशे फोटो आहेत, तर सीएनएन, म्हणजे फोटो ओळखायला शिकणारं थराथरांचं न्यूरल नेटवर्क मॉडेल, शून्यापासून बांधू का?

नका बांधू. एवढ्याशा फोटोंत ते घोकंपट्टी करेल, शिकणार काही नाही. इमेजनेट या नाव दिलेल्या फोटोंच्या मोठ्या संग्रहातल्या सुमारे 12 लाख फोटोंवर आधीच तयार झालेलं मॉडेल घ्या. फोनवर चालवायचं असेल तर मोबाइलनेट, नाहीतर रेसनेट. सुरुवातीचे थर आहेत तसे गोठवायचे, शेवटचा 1000 वर्गांचा थर काढून तिथे तुमचा पाचाचा बसवायचा. सुरुवातीच्या थरांना कडा, ठिपके, पट्टे एवढंच कळतं, आणि ते मांजराला लागतं तसं बांगड्यालाही लागतं. कुठलं मॉडेल यावर फार डोकं शिणवू नका. 2012 च्या इमेजनेट स्पर्धेत पहिल्या पाच अंदाजांतही उत्तर चुकण्याचं प्रमाण अ‍ॅलेक्सनेट या मॉडेलचं 15.3 टक्के होतं, 2015 मध्ये रेसनेटने ते 3.57 वर आणलं. पाच माशांसाठी यातलं काहीही पुरून उरतं.

खरी गोची फोटोंत आहे. मी रत्नागिरीचा. पापलेट आणि हलवा वेगळे करायला गेलो, तेव्हा पापलेटचे फोटो मिरकरवाडा बंदरावर निळ्या क्रेटमध्ये बर्फावर काढले होते आणि हलव्याचे घरी, स्टीलच्या ताटात. चाचणीत शंभरात सत्त्याण्णव बरोबर! मी हवेत. मग बाजारात फोन धरला तर क्रेटमधला प्रत्येक हलवा पापलेट. ग्रॅड-कॅम लावून मॉडेल नेमकं कुठे बघतंय ते पाहिलं, तर त्याची नजर दाखवणारा लाल डाग माशावर नव्हताच, क्रेटच्या जाळीवर होता.

तरी सत्त्याण्णव कसे आले? एकेका माशाचे मी पाच-सहा फोटो काढले होते आणि सरसकट पिसून शिकवायचे आणि तपासायचे अशी वाटणी केली होती. तोच मासा, तेच ताट दोन्हीकडे. पेपर आधीच फुटलेला. म्हणून वाटणी फोटोंची नको, माशांची करा. जमलं तर दिवसांची. सकाळी बंदरावरचे फोटो शिकवायला, तर दुसऱ्या दिवशीचे बाजारातले तपासायला.

आणि प्रत्येक प्रकारचा मासा सगळीकडे ठेवा: क्रेट, ताट, वर्तमानपत्र, पिवळ्या बल्बखाली, कुणाच्या तरी ओल्या हातात. फोटो फिरवून, उलटे करून संख्या वाढवा, पण रंगाशी बेतानेच खेळा. पापलेट चंदेरी, हलवा काळपट. तो फरकच पुसलात तर उरलं काय?

नावं लिहिताना मासेवालीला विचारा, गुगलला नको. माझ्या फोटोंतली दोन-तीन नावं चुकीची आहेत हे कळलं ते एका मावशींमुळे. मावशी फोटोकडे बघतही नाहीत. म्हणाल्या, "शेपटीच्या मुळाशी बोट फिरव, खरखरीत लागलं की हलवा." बरोबरच आहे, हलवा मुळात पापलेटच्या कुळातला नाहीच, आणि शेपटीच्या मुळाशी त्याला कठीण खवले असतात. पण मॉडेलला देताना अख्ख्या माशाचा फोटो 224 बाय 224 पिक्सेलवर आकसला की ते खवले दिसेनासे होतात. म्हणून शेपटीचा जवळून वेगळा फोटो घ्या.

आणि हे सगळं मे संपायच्या आत. 1 जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली की होड्या किनाऱ्यावर, मग क्रेटही रिकामे.