अमेरिकेत गुंतागुंतीचा आजार असलेल्या कृष्णवर्णीय मुलांना इस्पितळात दुजाभाव सोसावा लागतो म्हणतात. नागपुरात असं होतं का?

होतं, फक्त इथे जात, भाषा आणि अंतर आडवं येतं. सिकलसेलच घ्या, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार. अमेरिकेत याचे सुमारे १ लाख रुग्ण, बहुतेक कृष्णवर्णीय; तरी कितीतरी कमी रुग्ण असलेल्या, मुख्यतः गोऱ्यांत आढळणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आनुवंशिक आजाराच्या संशोधनाला दरडोई पैसा जास्त मिळत आला. आपल्या विदर्भात हा आजार गोंड, परधान आणि बौद्ध कुटुंबांत जास्त दिसतो. गडचिरोलीच्या आतल्या गावातून लेकरू नागपूरच्या मेडिकलला (सरकारी इस्पितळात) आणायचं म्हणजे आईबापाची मजुरी बुडते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध रोज घ्यावं लागतं, अधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि नेमकं तिथेच उपचार तुटतात. वरून गोंडी बोलणाऱ्या आईला कोणी धड समजावून सांगत नाही. हाडं ठणकत असताना पोरगं 'नाटक करते' असं ऐकावं लागतं ते वेगळंच. अमेरिकेतल्या रुग्णांचीही हीच तक्रार आहे.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सावळ्या त्वचेवर ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे; प्रमाणपत्रासाठी अर्ज नक्की करा.